ब्रश घेता, मग ठेवायचा कोणी?

विंडोजचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची तऱ्हा बघा: ‘विंडो रंगव’ असा डब्ल्यूएम_पेंट हा निरोप आला की क्रिएटसॉलिडब्रश, म्हणजे रंग भरायला नवा ब्रश! विंडोचा आकार बदलला, नवा ब्रश. माउसखाली बटण उजळलं, नवा ब्रश. आणि ब्रश मोडणारं डिलीटऑब्जेक्ट? ते काय शेजारी येऊन लिहिणार? विंडोजमध्ये एका प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, साधारण १०,००० जीडीआय हँडल (ब्रशसारख्या चित्र काढायच्या वस्तूंचे क्रमांक) मिळतात. ते संपले की ब्रशऐवजी हातात नल (NULL), म्हणजे काहीच नाही, आकार रंगेनासे होतात, अर्धी स्क्रीन गायब. मग बोंब काय, तर म्हणे ग्राफिक्स कार्ड बिघडलंय! अहो, टास्क मॅनेजरमध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्सचा रकाना लावा, आकडा कसा चढतोय बघा. डिलीट करणारेही थोरच: ब्रश डीसीत (डिव्हाइस कॉन्टेक्स्ट, ज्यावर चित्र काढलं जातं) सिलेक्ट असतानाच उडवायला जातात. नवा ब्रश लावताना सिलेक्टऑब्जेक्टने हातात दिलेला जुना ब्रश आधी परत लावायचा असतो, हे किती वेळा सांगायचं? रंग ठरलेलाच आहे ना? मग बनवा की एकदाच, आणि विंडो मोडतानाचा डब्ल्यूएम_डिस्ट्रॉय निरोप आला की मोडा!