म्हणे माळकऱ्याला आतड्याचा कॅन्सर होत नाही

भावकीच्या ग्रुपवर आलेला मेसेज आत्याने मला फोनवर पोथी वाचावी तसा वाचून दाखवला. ‘शाकाहारी, निर्व्यसनी माणसाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर होत नाही. पन्नाशीच्या आत तर नाहीच. घराण्यात कुणाला नसेल तर निर्धास्त राहा. शौचातून रक्त पडलं तर ती उष्णता किंवा मूळव्याध. रोज रात्री एरंडेल घ्या, आतडं धुऊन निघेल.’ वर म्हणाली, “आपण माळकरी, आपल्याला कसली भीती?” मग हळूच निघालं की दोन महिने तिला रक्त जातंय.

म्हणून आधी त्या रक्ताचंच. बहुतेकदा ती मूळव्याधच असते, हे खरं. पण गुदाशयातल्या गाठीतूनही लालच रक्त पडतं, आणि मूळव्याध असलेल्याला कॅन्सर सोडून देतो असंही नाही. दोन्ही एकदम असू शकतात. संडासात वाकून बघून हा फरक कळत नाही. डॉक्टर बोटाने तपासतात, त्याला दोन मिनिटं लागतात, आणि गरज पडली तर दुर्बीण. आत्याला हल्ली जिना चढताना धाप लागते, ती म्हणते वय झालं. अगं, रक्त थोडं थोडं जात राहिलं की हिमोग्लोबिनही उतरतं! एरंडेलाने पोट साफ होतं, गाठ नाही. उलट रोजच्या जुलाबात शौचाची बदललेली सवय, म्हणजे जी खूण दिसायला हवी तीच, झाकली जाते.

शाकाहाराचं अर्धं खरं आहे, मानतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सॉसेज, बेकन, हॅमसारखं प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरकारक ठरवलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. पण म्हणून न खाणाऱ्याचा धोका शून्य होत नाही. आत्याच्या ताटात बेकन नाही, पण तिला मधुमेह आहे, वजन आहे आणि दिवसभराची बैठक आहे. (मिसरी ती व्यसनात धरतच नाही. पण मिसरीचं वैर तोंडाशी जास्त, तो वाद आज नको.)

पन्नाशीचं म्हणाल तर अमेरिकेत नियमित तपासणीचं वय २०२१ साली ५० वरून ४५ वर आणलं, ते तरुण रुग्ण वाढले म्हणूनच.

राहिलं घराणं. बहुतेक रुग्णांच्या घरात आधी कुणालाच हा आजार झालेला नसतो. आणि आपल्यात ‘कुणाला नाही’ हे ठरवलं कुणी? मी विचारलं, “आजोबांना नेमकं काय झालं होतं?”

“पोटाचं दुखणं. खाल्लेलं जाईना, पोट फुगलं, चार महिन्यांत गेले. अठ्ठेचाळिसावं चालू होतं.”

दुर्बीण नाही, रिपोर्ट नाही. ते तेच होतं असं मी म्हणत नाही. पण आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा कॅन्सर झाला असेल तर धोका साधारण दुप्पट धरतात, आणि तपासणी चाळिशीत किंवा त्यांच्या आजाराच्या वयाआधी दहा वर्षं, जे आधी येईल तेव्हा सुरू करतात. म्हणजे आजोबांचं ते तेच असेल, तर आत्याची अडतिसाव्या वर्षी व्हायला हवी होती. ती आता एकसष्टची आहे. गुरुवारी तिला घेऊन जातोय.

बाबा तिचे सख्खे भाऊ. मेसेज त्यांनाही आलाय. त्यांनी खाली हात जोडलेत.