पोटावर बॉल आदळून चरबी 'फुटत' नाही

रविवारी सकाळी कोथरूडला मामाकडे गेलो, तर मामा गच्चीत चटईवर उताणा, बनियन छातीपर्यंत गुंडाळलेला. शेजारी मामी सहा किलोचा मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, दोन्ही हातांत धरून उभी. "तीन म्हटलं की सोड," मामा म्हणत होता. मी दोनलाच बॉल काढून घेतला.

हे सगळं एका फॉरवर्डमुळे. मलाच तो तीन ग्रुपवर आलाय, त्यातला एक तळजाईला फिरायला जाणाऱ्यांचा. मजकूर थोडक्यात असा: जोडीदाराने रोज पोटावर मेडिसिन बॉल टाकला की चरबी फुटते आणि 15 दिवसांत पोट आत जातं. बॉल जितका जड तितका गुण लवकर. बॉलमध्ये औषधी भुकटी असते, म्हणून त्याला मेडिसिन म्हणतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षही हाच व्यायाम करायचे.

चरबी फुटायला ती काय नारळ आहे? शरीराला ऊर्जा कमी पडली की चरबी वितळून रक्तात येते, आणि ती सगळ्या अंगातून येते. कुठून आधी यायची हे आपण ठरवत नाही. 1971 साली टेनिस खेळाडूंचे दोन्ही हात मोजून पाहिले होते. रॅकेटचा हात वर्षानुवर्षं राबलेला, त्याचे स्नायू साहजिकच भरलेले. पण कातडीखालच्या चरबीची जाडी दोन्ही हातांना जवळपास सारखीच. इतकी वर्षं खेळून एका हाताची चरबी हटत नसेल, तर मामीच्या दहा दणक्यांनी मामाचं पोट हटणार?

बरं, नुसतं निरुपयोगी असतं तर मी गप्प बसलो असतो. मामाचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, आत जाळी बसवलेली आहे. अशा पोटावर सहा किलो वरून सोडायचे? बॉक्सर पोटावर बॉल घेतात, खरंय. पण ते ठोसा सोसायची सवय म्हणून, श्वास सोडत, पोट कडक करून आणि बरीच तयारी झाल्यावर. बारीक होतात ते धावून आणि दोरीवरच्या उड्या मारून.

औषधी भुकटीबद्दल काय बोलायचं! आत वाळू नाहीतर कसलं तरी भरण असतं, काही बॉल तर नुसत्या जाड रबराचे. जड बॉलचंही तेच: वजन इतकंच हवं की फेक झपकन जाईल. नवख्याला दोन किलो पुष्कळ.

राष्ट्राध्यक्षांचं मात्र खोटं नाही, नाइलाजाने मान्य. हर्बर्ट हूवर 1929 ते 33 या काळात व्हाइट हाउसच्या हिरवळीवर सकाळी मंडळी जमवून मेडिसिन बॉल खेळायचे. पण बॉल जेमतेम पावणेतीन किलोचा, आणि तो आठ फूट उंच जाळीवरून फेकायचा आणि झेलायचा. कुणी कुणाच्या पोटावर टाकत नव्हतं.

आणि जोडीदाराचंही खरं आहे. समोर कोणी असलं की माणूस दांडी मारत नाही. मग मी दोन किलोचा बॉल आणून दिला. दोघांना चार पावलांवर समोरासमोर उभं केलं, गुडघे थोडे वाकवून, छातीपासून फेक. मामी शाळेत थ्रोबॉल खेळायची, हे त्या दिवशी कळलं. दहाव्या फेकीला मामाच म्हणाला, "अगं, जरा हळू!"