रॉम सापडली म्हणजे गेम सापडला का?

परवा रात्री दीडपर्यंत जागून एका जुन्या व्हीएचएस कॅसेटचं रेकॉर्डिंग बघत होतो. चित्र थरथरतंय, रंग विटलेत आणि एक जपानी निवेदक खेळणाऱ्याशी घाईघाईनं बोलतोय. एक शब्द कळत नव्हता, पण उठवेना.

तो होता १९९५ च्या ऑगस्टमधला झेल्डा, निन्टेन्डो या जपानी कंपनीचा गाजलेला साहसी गेम. त्याच वर्षी एप्रिलमध्ये निन्टेन्डोनं जपानमध्ये सॅटेलाव्ह्यू आणला होता. सुपर फॅमिकॉम या त्यांच्या टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलच्या खाली बसवायचं यंत्र. सेंट गीगा नावाचं उपग्रह रेडिओ केंद्र गेम प्रक्षेपित करायचं आणि ते घरातल्या मेमरी पॅकवर उतरायचे. पॅकची जागा ८ मेगाबिट, म्हणजे जेमतेम १ एमबी! त्यात माणसांचे संवाद आणि वाद्यवृंद कुठून मावणार? म्हणून काही खेळांचा आवाज त्या ठरावीक वेळेत थेट उपग्रहावरून यायचा. झेल्डाचे असे चार भाग झाले, दर आठवड्याला एक. घड्याळाच्या काट्यावर पडद्यावरचे प्रसंग घडायचे, आणि जपानभरची पोरं एकाच वेळी तोच खेळ खेळत असायची.

३० जून २००० ला हे प्रक्षेपण कायमचं थांबलं.

आज चाहते जुने मेमरी पॅक शोधून विकत घेतात आणि आत काय उरलंय ते वाचून त्याची फाइल, म्हणजे रॉम, करून ठेवतात. या लोकांबद्दल मला फार आदर आहे. पण पॅकमध्ये आवाज कधी नव्हताच. तो आज जेवढा ऐकू येतो, तो कुणीतरी तेव्हा व्हीसीआरमध्ये कॅसेट सरकवून बटण दाबलं म्हणून. चाहत्यांनी पुढे तेच आवाज गेमला जोडले आणि खेळ पुन्हा बोलता केला.

म्हणूनच ‘रॉम मिळाली, काम झालं’ हे मला पटत नाही. आणि ‘कंपन्या जपतील की’ हे तर अजिबातच नाही. सॅटेलाव्ह्यूवर १९९६ मध्ये आलेला रॅडिकल ड्रीमर्स हा गेम अधिकृतपणे परत यायला २०२२ उजाडलं. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार २०१० च्या आधी अमेरिकेत आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ग्रंथालयांनी ते अभ्यासकांना घरबसल्या बघू द्यावेत, एवढी साधी मागणीसुद्धा तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं २०२४ मध्ये फेटाळली. मला हा अन्याय वाटतो.

ते रेकॉर्डिंग बघताना सारखा ‘मुस्तफा’ आठवत होता. कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. त्याची फाइल जगात शेकडो ठिकाणी सुरक्षित आहे. पण त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफा या पात्राच्या नावानं आपण अख्ख्या गेमचं बारसं केलं, हे त्या फाइलमध्ये नाही. एस.टी. स्टँडमागच्या आमच्या पार्लरचा हिरवा पडदा त्यात नाही. एक जण खेळतोय आणि मागे सहा जण ‘अरे बाँब घे, बाँब घे’ ओरडतायत, हेही नाही. त्या पार्लरचा एक फोटोसुद्धा माझ्याकडे नाही.

तुमच्याकडे असेल तर स्कॅन करून टाका. फोटो नसेल तर गावाचं नाव, साल, नाणं केवढ्याचं लागायचं आणि कुठल्या गेमला काय म्हणायचात, एवढं खाली लिहा. मी सगळं एका फाइलमध्ये उतरवून घेतोय.