कागद जळालेले नाहीत, गावाचं नाव हरवलंय

अमेरिकेतल्या चेक वंशाच्या कुटुंबांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: चेक देशातलं जुनं दफ्तर महायुद्धांत आणि कम्युनिस्ट राजवटीत नष्ट झालं, उरलंसुरलं लॅटिन-जर्मनमध्ये आहे, ते कुणाला वाचता येत नाही, आडनावं एलिस बेटावरच्या (न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांची तपासणी करणारं केंद्र) कारकुनांनी बदलून टाकली, त्यामुळे माग काढणं अशक्य. तेव्हा कागदांच्या मागे लागू नका, सरळ मूळ गावी जा आणि पाद्र्याला नि म्हाताऱ्या माणसांना विचारा. माझं सासर आयोवातल्या सीडर रॅपिड्सचं, चेक वंशाचं. हे वाचून घरातल्या मोठ्या माणसांनी शोध सोडून दिलेला मी पाहिलाय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे.

आधी जळाल्याची गोष्ट. मे १९४५ मध्ये जर्मनांविरुद्ध झालेल्या उठावात प्रागचं जुनं नगरभवन पेटलं आणि तिथे ठेवलेल्या शहराच्या दफ्तराचं फार मोठं नुकसान झालं. ते खरं आहे, आणि त्याची हळहळ वाटावी असंच ते आहे. पण ते प्राग शहराचं दफ्तर होतं. खेड्यापाड्यांतल्या जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदवह्या गावोगावच्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतला भाग), पाद्र्यांच्या घरी होत्या. १९५० च्या जानेवारीपासून सरकारने त्या चर्चकडून ताब्यात घेतल्या आणि जुन्या वह्या पुढे सरकारी पुराभिलेखागारांत गोळा झाल्या. त्या कम्युनिस्ट राजवटीने चर्चवर अन्याय केला याबद्दल वाद नाही. पण या वह्या नष्ट करण्याचं पाप तिच्या माथी मारता येत नाही. आज त्या प्राग, त्रेबोन्य, प्ल्झेन, लितोम्येरझित्से, झाम्र्स्क, ब्र्नो आणि ओपावा इथल्या पुराभिलेखागारांत आहेत, आणि त्यांची छायाचित्रं घरबसल्या, फुकट बघता येतात. ज्यू कुटुंबांच्या १७८४ नंतरच्या नोंदवह्या प्रागच्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात आहेत. काही पॅरिशची घरं आगीत गेली, तिथे खंड पडलेला दिसतो. पण बहुतेक ठिकाणी तीस वर्षांच्या युद्धानंतर, म्हणजे १७ व्या शतकाच्या मध्यापासून, सलग नोंदी मिळतात. जन्माच्या नोंदी १०० वर्षं आणि लग्न-मृत्यूच्या ७५ वर्षं स्थानिक निबंधक कार्यालयात राहतात, म्हणून अलीकडच्या वह्या इंटरनेटवर दिसत नाहीत. त्या जळाल्या असं समजून लोक परत फिरतात.

वाचता येत नाही, हा मुद्दा भीतीचा आहे. तेव्हा हा देश ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे होता; त्यांच्यातल्या सम्राट दुसऱ्या योसेफने १७८४ मध्ये साऱ्या पॅरिशना एकच नमुना घालून दिला, रकाने आखून. १८५० च्या आसपासच्या बाप्तिस्म्याच्या वहीतली एखादी ओळ घ्या. जन्माची आणि बाप्तिस्म्याची तारीख, घराचा नंबर, बाळाचं नाव, धर्म, मुलगा की मुलगी, औरस की अनौरस. मग बाप: नाव, धंदा, गाव, आणि त्याला लागूनच त्याचे आईबाप कोण, कुठल्या गावचे. आईचंही तसंच, तिच्या माहेरच्या माणसांसकट. पुढे धर्ममाता-पिता आणि सुईण. एका ओळीत तीन पिढ्या! अक्षराचं जुनं जर्मन वळण डोळ्यांना आधी परकं वाटतं, पण शब्द तेच तेच येतात: शेतकरी, विणकर, शिंपी, दुसऱ्याच्या घरी आश्रयाने राहणारा मजूर. महिनाभर नेटाने बसलं की हात बसतो.

एलिस बेटाची कथा मात्र सगळ्यात जास्त नुकसान करते. ते केंद्र उघडलं १८९२ मध्ये. टेक्सास, विस्कॉन्सिन, आयोवा, नेब्रास्का इथली कितीतरी चेक कुटुंबं १८५० ते १८८० च्या दशकांत आली, ती बाल्टिमोर, गॅल्व्हेस्टन किंवा न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डन या आधीच्या केंद्रामार्गे. जे एलिस बेटावर उतरले त्यांचीही नावं तिथे कुणी नव्याने लिहीत नव्हतं. जहाज निघताना ब्रेमेनला किंवा हॅम्बुर्गला तयार झालेली यादी समोर ठेवून अधिकारी उलटतपासणी करत. नावं बदलली ती नंतर, शाळेत, कामावर, नागरिकत्वाच्या अर्जात, आणि बहुतेकदा माणसांनी स्वतःहून.

आणि नावं त्याच्या कितीतरी आधी, मूळ देशातच बदलत होती. दक्षिण बोहेमियात (बोहेमिया म्हणजे चेक देशाचा पश्चिमेकडचा भाग) नाव घराला चिकटलेलं असे. घरजावई म्हणून आलेला माणूस सासरच्या घराचं नाव लावायचा. कुणी शेत विकत घेतलं तर आधीच्या मालकाचं नाव त्याला पडायचं. मग एकाच जोडप्याची दोन मुलं दोन आडनावांनी नोंदलेली दिसतात, किंवा पाद्री दोन्ही नावं लिहून मध्ये ‘ऊर्फ’ घालतो. हे थांबलं १७८० च्या दशकात आडनावं कायद्याने पक्की झाल्यावर, तेही हळूहळू. अशा वेळी आडनावाऐवजी घराच्या नंबराचा माग काढावा. हे नंबर १७७०-७१ मध्ये योसेफची आई मारिया तेरेझा हिच्या काळात, सैन्यभरतीसाठी पडले. त्याच नंबराच्या घरात आईबाप तेच असतील, तर आडनाव काहीही असो, कुटुंब तेच.

खरी अडचण त्या फिरत्या मजकुरात कुठेच सांगितलेली नाही. ती म्हणजे नेमकं गाव. जहाजाच्या यादीत नुसतं ‘बोहेमिया’ किंवा ‘ऑस्ट्रिया’ असतं. ल्होता नावाची गावंच शेकडो आहेत. त्यामुळे सुरुवात अमेरिकेतूनच करावी लागते: चेक दफनभूमीतले दगड, चर्चमधल्या लग्नाच्या नोंदी, १९०६ नंतरचे नागरिकत्वाचे अर्ज, चेक वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता. इकडे येऊन चर्च सोडलेले मुक्तविचारी लोकही पुष्कळ होते. त्यांच्यासाठी १८५४ मध्ये सेंट लुइसला सुरू झालेल्या ‘चे-एस-पे-एस’सारख्या बंधुसंस्थांची (सभासदांनी एकमेकांना मदत करण्यासाठी काढलेल्या संस्था) कागदपत्रं बघावीत.

आता शेवटचा सल्ला, गावी जाऊन विचारा. जरूर जा, पण गाव आणि घराचा नंबर हातात आल्यावर. पाद्र्याकडे जुन्या वह्या नाहीत, त्या पुराभिलेखागारात आहेत. जुनी थडगी शोधायला गेलात तर निराश व्हाल. तिथे कबरीची जागा भाड्याने असते, कुटुंबाने मुदत वाढवली नाही तर ती दुसऱ्याला जाते. सीमाभागात तर १९४५-४६ मध्ये जर्मन भाषकांना हाकलल्यावर गावंच्या गावं बदलली. तिथल्या आजच्या म्हाताऱ्यांना तुमच्या घराण्याबद्दल काय माहीत असणार? जुनं मोस्त शहर कोळशासाठी पाडलं, १९७५ मध्ये त्यातलं एक चर्च तेवढं रुळांवरून ८४१ मीटर सरकवून वाचवलं. शहर गेलं, त्याच्या नोंदवह्या लितोम्येरझित्सेला आहेत.

निघण्यापूर्वी १९ व्या शतकातल्या भूमापनाचे नकाशे बघा, तेही इंटरनेटवर आहेत. लाकडी घरं पिवळी, दगडविटांची लाल. घर कुठल्या ओढ्याकाठी, कुठल्या वाटेवर होतं ते त्यात दिसतं. पुढे बऱ्याच ठिकाणी नंबर बदलले, म्हणून नकाशा आणि वही जुळवून घ्या. मग गावच्या कार्यालयाला आधी पत्र लिहून गावाची बखर दाखवाल का असं विचारा. १९२० च्या कायद्याने प्रत्येक गावाला ती लिहिणं बंधनकारक झालं. पत्रात घराचा नंबर आणि निघून गेल्याचं साल घाला, म्हणजे त्यांना नेमकं काय शोधायचं ते कळतं.