वारसाला पंच करायचं नाही

आमच्या एका ग्रुपवर परवा एकाने ठासून सांगितलं, 'अमेरिकेत महाभियोगाला सरन्यायाधीश बसतात, म्हणजे निकाल कोर्टच देतं.' अजिबात नाही. निकाल सिनेटर (तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाचे, सिनेटचे, सदस्य) देतात, दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागतात. सरन्यायाधीशांचा एखादा निर्णय पटला नाही तर साध्या बहुमताने तो फिरवताही येतो. मग त्यांना बोलवायचं कशाला?

दुसऱ्याला त्या खुर्चीवरून उठवायला! सिनेटचं अध्यक्षपद एरवी उपराष्ट्राध्यक्षाकडे. राष्ट्राध्यक्ष गेला की त्याची जागाही ह्यालाच. वाटणीच्या भांडणात ज्याला घर मिळणार तोच पंच, असं झालं असतं. म्हणून घटनेत एक ओळ आली: खटला राष्ट्राध्यक्षाचा असेल तर सरन्यायाधीशांनी बसायचं.

पण खुर्चीवरून उठवलं तरी मताचं काय? १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सनवर खटला चालला. लिंकनच्या हत्येनंतर तो राष्ट्राध्यक्ष झालेला, त्यामुळे उपराष्ट्राध्यक्ष नव्हताच. पुढचा वारस सिनेटचा हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड (आडनावावर जाऊ नका). खुर्चीवर सरन्यायाधीश चेस बसले, पण वेडसाहेबांनी मत दिलंच, तेही 'दोषी'. ३५ विरुद्ध १९. एक मत कमी पडलं आणि जॉन्सन वाचला.

क्लिंटनच्या वेळी, १९९९ मध्ये, सरन्यायाधीश रेनक्विस्ट आले ते काळ्या झग्याच्या बाह्यांवर सोनेरी पट्टे मिरवत. एका ऑपेरातल्या न्यायाधीशाला पाहून त्यांनी ते स्वतःच शिवून घेतले होते. काम बेताचं, पोशाख झकास! २०२० मध्ये ट्रम्पच्या पहिल्या खटल्यात सरन्यायाधीश रॉबर्ट्सनी मात्र एका सिनेटरच्या प्रश्नाचं कार्ड हातात घेतलं, पाहिलं, आणि हा प्रश्न मी वाचणार नाही म्हणून बाजूला ठेवलं. माहिती फोडणारा म्हणून ज्याची चर्चा होती, त्याचं नाव त्या प्रश्नात होतं.

२०२१ ला ट्रम्प पायउतार झाल्यावर खटला चालला. तो 'राष्ट्राध्यक्षाचा' राहिला नव्हता, म्हणून रॉबर्ट्स आलेच नाहीत. शब्दावर बोट ठेवलं तर बरोबरच. पण बसले कोण? सिनेटर लेही, जे स्वतः मतही देणार होते आणि त्यांनी दिलं. आमच्या गल्लीत बॅटिंगवाल्या टीमचाच पोरगा अंपायर असायचा, त्याची आठवण झाली. मत नसलेला कुणीतरी बसवायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत.

आपल्याकडे उलटी गंमत. उपराष्ट्रपतींना हटवण्याचा ठराव राज्यसभेत आला तर त्यांनी स्वतः अध्यक्षस्थानी बसायचं नाही, हे कलम ९२ सांगतं. राष्ट्रपतींवरच्या महाभियोगाच्या कलम ६१ मध्ये मात्र खुर्चीवर कोण, याचा उल्लेखच नाही. आणि अमेरिकेच्या घटनेत उपराष्ट्राध्यक्षाच्या स्वतःच्या खटल्याबद्दल अवाक्षर नाही. नुसता शब्दार्थ घेतला तर तो स्वतःच्याच खटल्यात खुर्चीवर बसू शकतो!