जांभ्याच्या भिंतीबद्दल, आणि थोडं बोलण्याच्या रीतीबद्दलही

कोकणातल्या हर्णै बंदरातल्या जुन्या बर्फाच्या कारखान्यावरच्या माझ्या लेखाला आलेली आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. नाव लिहिलेलं नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

आधी चूक कबूल करतो. टुडर या अमेरिकन बर्फव्यापाऱ्याचं भारतात आलेलं बर्फाचं पहिलं जहाज बोस्टनहून मुंबईला लागलं, असं मी लिहिलं होतं. ते १८३३ साली कलकत्त्याला लागलं, मुंबईला बर्फ आला तो त्यानंतर. दुरुस्ती केली आहे, आभार. पण चूक दाखवताना ‘हे शाळकरी पोरालाही माहीत असतं’ असं लिहायची गरज होती का? मी साठी ओलांडली आहे. चार साध्या शब्दांत सांगितलं असतंत तरी ऐकलं असतं.

आता आपलं ते वाक्य: ‘जांभ्याच्या भिंती गारवा धरून ठेवायच्या ही लेखकाची कविकल्पना, बर्फ यंत्राने होतो, भिंतीने नाही.’

बर्फ यंत्राने होतो, हे आपण मला सांगताय? माझे वडील त्या कारखान्यात एकवीस वर्षं ऑपरेटर होते. शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन मी तिथेच. कॉम्प्रेसर अमोनिया दाबायचा, बाहेरच्या नळ्यांवर पाणी सोडून तो थंड करायचा, आणि मग टाकीतल्या नळ्यांतून फिरताना तो मिठाच्या पाण्यातली उष्णता ओढून घ्यायचा. ते खारं पाणी शून्याखाली आठ-दहा अंशांवर जायचं, तरी गोठायचं नाही. त्यात बुडवलेल्या पत्र्याच्या डब्यांतलं गोडं पाणी मात्र गोठायचं. मोठ्या लादीला दीड-दोन दिवस लागायचे. डबा वर उचलायचा, साध्या पाण्यात बुचकळायचा, कलंडवायचा, की लादी सुटून घसरत बाहेर. कडेने काचेसारखी आणि मधोमध पांढरी रेघ, कारण पाण्यातली हवा शेवटी तिथेच कोंडते. वडील त्या रेघेवर टोचा मारायचे आणि लादी बरोबर मधून दुभंगायची.

पण झालेला बर्फ ठेवायचा कुठे, हा प्रश्न आपल्याला पडलाच नाही. लाद्यांच्या खोलीला जांभ्याच्या दोन भिंती होत्या, मध्ये हातभर पोकळी, आणि त्या पोकळीत भाताचं तूस ठासून भरलेलं. पावसाळ्यात तूस खाली बसायचं. नारळी पौर्णिमेला होड्या निघायच्या आत ते वरून पुन्हा भरायला लागायचं. ते मी स्वतः भरलंय. भिंतीवर चढून पोती रिकामी केली आहेत, आणि मग रात्रभर मानेला, काखेत खाज. कविकल्पनेने खाज सुटत नाही. लाइट गेली की यंत्र बंद व्हायचं, पण होड्या काही थांबत नसत. बैलगाड्या पाण्यात उतरून मासळी आणायच्या, वाळूत लिलाव सुरू व्हायचा आणि बर्फ तर तेव्हाच हवा. तो त्या खोलीतूनच निघायचा.

आणि ज्या जहाजावरून आपण माझे कान उपटलेत, त्याचंच बघा. १८० टन बर्फ घेऊन ते निघालं, चार महिने समुद्रात होतं, विषुववृत्त दोनदा ओलांडलं, तरी सुमारे १०० टन बर्फ शाबूत पोचला. त्यावर कुठलं यंत्र होतं? बर्फाभोवतीचं आवरण होतं म्हणूनच ना? मद्रासला १८४२ साली बर्फ साठवायला बांधलेली इमारत मरीना किनाऱ्यावर आजही उभी आहे. तिथे बर्फ कधी बनलाच नाही, फक्त राखला गेला. जांभा एकटा काही करत नाही, तूस करतं, असं आपल्याला म्हणायचं असेल तर तसं म्हणा. पण तूस पोकळीत धरून ठेवणार कोण?

बाकी मालकांचे व्यवहार, अमोनियाची गळती, कागदपत्रं हे जे मुद्दे आपण काढलेत, त्यांवर इथे वाद घालत बसत नाही. कामगारांवर एक ओळही नाही, असं आपण म्हणता. मी कामगाराचाच मुलगा आहे, तेवढं पुरे व्हावं. एका सुट्टीत हर्णैला येऊन, लिलावाचे फोटो काढून आणि पापलेट घेऊन परत गेल्याचं आपणच लिहिलंय. तेवढ्यावर एखाद्याच्या आयुष्याला ‘रम्य आठवणींचा कढ’ म्हणू नये. हे मला लागलं, म्हणून स्पष्ट लिहितोय.

मागच्या मे महिन्यात गेलो होतो. छपराचे पत्रे गेलेत, पश्चिमेच्या भिंतीत पिंपळाने मुळं घातली आहेत आणि कोपरा ढासळलाय. त्या भगदाडातून तूस बाहेर सांडलं होतं. वरचं काळं पडलेलं, पण आत हात घातला तर अजून कोरडं, पिवळसर. मूठभर कागदात बांधून आणलंय. पत्ता कळवा, त्यातलं थोडं पाठवतो.