जुन्या रीडर्स डायजेस्टमधलं देऊळ

धर्मांतराचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "किती दिले?" तांदूळ दिला, पैसे दिले, नोकरी लावली, पोराची फी भरली. कुणी काही न देता, डोकं शाबूत असताना, माणूस आपणहून धर्म बदलू शकतो ही शक्यता आपण धरतच नाही. गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर परत हेच. काकांनी फॉरवर्ड टाकला, त्यावर दोन्हीकडून हमरीतुमरी, शेवटी आत्याने गुड नाइटवालं गुलाब टाकून विषय मिटवला. मला तिथे एक गोष्ट सांगायची होती पण ती अंगठ्याने टाईप करण्याएवढी छोटी नाही म्हणून इथे लिहितेय. लांब झालंय, आधीच सांगते.

गोष्ट नायजेरियातल्या एका शाळामास्तरांची. अँथनी ओबिना, इग्बो समाजातले, आत्ताच्या इमो राज्यातले, जन्म 1928 चा. 1965 साली त्यांना एक स्वप्न पडलं. उंच माणूस, उजव्या हातात काठी, त्याने विचारलं की पिल्ग्रिम्स प्रोग्रेस हे जुनं ख्रिस्ती पुस्तक वाचलंयस का? हे म्हणाले वाचलं होतं, आता विसरलो. तर म्हणे परत वाच. (मास्तरांच्या स्वप्नातसुद्धा कुणीतरी येऊन रिव्हिजन कर म्हणून सांगतं, हे मला भारी आवडलं.) काही महिन्यांनी तोच माणूस परत आला आणि त्यांना एका अतिशय सुंदर इमारतीत घेऊन गेला, सगळं आतून फिरवून दाखवलं. इमारत कसली, कुठली, काही पत्ता नाही.

मग 1967 ला बियाफ्राचं युद्ध पेटलं. इग्बो लोकांचा प्रांत फुटून निघाला, सरकारने नाकेबंदी केली, लाखो माणसं उपासमारीने गेली. आपले मास्तर घरात अडकलेले, बाहेर पडायची सोय नाही. असंच एकदा घरातलं जुनं मासिक हातात घेतलं. रीडर्स डायजेस्ट, सप्टेंबर 1958 चा अंक. आपल्याकडेही कित्येक घरांत माळ्यावर सुतळीने बांधलेले गठ्ठे असायचे तेच ते. उघडलं तर चौतिसाव्या पानावर फोटो, आणि फोटोत ती स्वप्नातली इमारत. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीमधलं, मॉर्मन नावाच्या तिकडच्या पंथाचं टेंपल, सहा शिखरांचं, ग्रॅनाइटचं, 1853 ला बांधायला घेतलं ते 1893 ला पुरं झालं. मॉर्मन हा शब्दसुद्धा मास्तरांनी तोपर्यंत ऐकला नव्हता.

आता थांबा, मी काही चमत्कारवाली बाई नाही. माझ्या डोक्यात पहिला विचार हाच आला की अंक 1958 चा, स्वप्न 1965 चं, म्हणजे मधल्या सात वर्षांत कधीतरी तो फोटो कुठेतरी नजरेखालून गेला असेल, मनात तळाशी जाऊन बसला असेल आणि झोपेत वर आला असेल. असेल बाबा. पण समजा तसंच झालं, तरी गोष्टीत फरक काय पडतो? फोटो हजारो लोकांनी पाहिला असणार, पान उलटून पुढे गेले. हा माणूस त्या स्वप्नातल्या इमारतीच्या मागे तेरा वर्षं लागला. स्वप्न खरं होतं का यापेक्षा मला त्या तेरा वर्षांचं जास्त कौतुक वाटतं.

युद्ध 1970 ला संपलं, नाकेबंदी उठली, आणि 1971 मध्ये ओबिनांनी थेट सॉल्ट लेक सिटीला पत्र धाडलं. तिकडून पुस्तिका आल्या, बुक ऑफ मॉर्मन हा त्यांचा ग्रंथ आला, आणि सोबत निरोप की नायजेरियात चर्च सुरू करायचा सध्या काही विचार नाही.

हे का, तर इथे थोडी पार्श्वभूमी सांगावी लागेल. मॉर्मन म्हणजे पांढरा शर्ट, टाय, छातीला काळी नावाची पाटी, जोडीजोडीने फिरणारी तरुण पोरं. जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने 1830 ला न्यूयॉर्क राज्यात हा पंथ काढला, सोन्याच्या पत्र्यांवरचा जुना ग्रंथ देवदूताने दाखवला आणि मी त्याचं भाषांतर केलं असं त्याचं म्हणणं. दारू, तंबाखू, कॉफी बंद, आणि चहा पण बंद (मी तर इथेच बाद). कमाईचा दहावा हिस्सा चर्चला. म्हणजे "किती दिले" विचारणाऱ्या काकांना सांगायला हवं की इथे देणारा उलट बाजूला आहे.

या चर्चमध्ये पगारी पाद्री नसतो. बारा वर्षांच्या पुढच्या जवळपास प्रत्येक मुलाला, पुरुषाला प्रीस्टहूड मिळतं, म्हणजे विधी करायचा अधिकार. रविवारी ब्रेड आणि पाणी वाटतात, त्यावरची प्रार्थनासुद्धा तो अधिकार असलेल्यानेच म्हणायची. आणि 1852 पासून या चर्चचा नियम असा होता की आफ्रिकी वंशाच्या पुरुषाला प्रीस्टहूड नाही, आणि त्या वंशाच्या बायका-पुरुष कुणालाच टेंपलचे विधी नाहीत. बाप्तिस्मा घ्या, बाकावर बसा, पण पुढे येऊ नका. कारण काय तर म्हणे केनचा शाप (केन म्हणजे बायबलमधला, भावाचा खून करणारा). खरं तर जोसेफ स्मिथच्या हयातीत, 1836 मध्ये, एलायजा एबल नावाच्या काळ्या माणसाला प्रीस्टहूड मिळालेलं होतं. म्हणजे नियम नंतरचा, स्मिथनंतर आलेल्या ब्रिगहम यंगच्या काळातला, आणि त्याला देवाचं नाव नंतर चिकटवलं. हे आपल्याला काही नवीन नाही, कुणाला गाभाऱ्यात सोडायचं कुणाला नाही याचे दाखले आपल्याकडे पण असेच तयार होत आले. चर्चने 2013 मध्ये ती शापाबिपाची स्पष्टीकरणं अधिकृतपणे सोडून दिली, पण तेव्हापर्यंत किती पिढ्या गेल्या.

तर नायजेरियाची अडचण अशी की शंभर माणसं बाप्तिस्म्याला उभी राहिली तरी त्यांच्यातल्या एकालाही ब्रेडवर प्रार्थना म्हणता येणार नाही, मग चर्च चालवणार कोण? साठच्या दशकात तिथून पत्रांवर पत्रं जात होती, चर्चने लामार विल्यम्स नावाचा माणूस पाठवून पाहणीही केली. मग 1963 ला तिकडच्या एका वर्तमानपत्रात हा रंगाचा नियम छापून आला आणि नायजेरियन सरकारने व्हिसाच नाकारले. माझ्या मते बरोबर केलं. आपणही तेच केलं असतं.

पण ओबिना काही हलले नाहीत. भाऊ सोबत आले, शेजारचे काही आले, जमेल तशी उपासना सुरू, गावात चेष्टा सुरू, आणि पत्रं सुरूच. हे म्हणजे मुलीकडच्यांनी सात वर्षं पत्रिका पाठवत राहायचं आणि मुलाकडच्यांनी दर वेळी "कळवतो" म्हणायचं. 1978 च्या सप्टेंबरात तर त्यांनी पार वरच्या मंडळींना पत्र टाकून सुनावलं की तुमच्या या मौनाची आम्हाला लाज वाटते, सगळ्या राष्ट्रांत जा आणि शिकवा असं ख्रिस्त म्हणाला होता ना? बाहेर उभा असलेला माणूस आतल्यांना त्यांचाच ग्रंथ वाचून दाखवतोय.

त्याआधी, 8 जून 1978 ला, नियम उठला होता. त्या वेळचे अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल यांनी ईश्वरी साक्षात्कार झाल्याचं सांगितलं. साओ पावलोला टेंपल बांधून होत आलं होतं आणि ब्राझीलमध्ये कुणाच्या पूर्वजांत आफ्रिकी रक्त आहे नि कुणाच्या नाही हे ठरवायचं कुणी आणि कसं, हा गुंता साक्षात्काराच्या अगदी शेजारीच उभा होता, एवढंच म्हणते. मग नोव्हेंबरात दोन वयस्कर अमेरिकन जोडपी, मेबी आणि कॅनन, शोधत शोधत ओबिनांच्या गावी पोचली. तिथे बैठकीच्या जागेवर चर्चचं नाव आधीच रंगवून ठेवलेलं! 21 नोव्हेंबर 1978 ला नदीत एकोणीस जणांचा बाप्तिस्मा झाला, पहिले अर्थात मास्तर. त्याच दिवशी त्यांना प्रीस्टहूड मिळालं आणि तिथल्या शाखेचे ते प्रमुख झाले, बायको फिडेलिया बायकांच्या संघटनेची अध्यक्ष.

घानात तर याहून मोठा प्रकार. बिली जॉन्सन नावाच्या माणसाला 1964 साली बुक ऑफ मॉर्मन मिळालं आणि त्याने कुणाची परवानगी न घेता मंडळ्या उभ्या केल्या, चौदा वर्षं चालवल्या. डिसेंबर 1978 मध्ये केप कोस्टच्या समुद्रात लोक घोळक्याने बाप्तिस्म्याला उतरले.

इथे मला बाबासाहेब आठवतातच, इलाज नाही. 1935 ला येवल्यात घोषणा, 1956 ला नागपुरात दीक्षा, मधली एकवीस वर्षं शोध. तिथेही कुणी काही दिलं नव्हतं. पण दोन शोधांची जात वेगळी आहे. बाबासाहेब प्रत्येक धर्माला आधी विचारत होते की माझ्या माणसांना बरोबरीने बसवणार का, आणि उत्तर गोलमोल आलं की पुढे. ओबिनांना आधी घर दिसलं, त्याचं दार आपल्यासाठी बंद आहे हे नंतरचं, आणि ते दारातच बसून राहिले. मला स्वतःला पहिली रीत पटते. ज्या घराने सव्वाशे वर्षं तुम्हाला शापित म्हटलं तिथे जायला एवढा जीव का टाकायचा, हे मला आजही झेपत नाही. पण मला झेपत नाही म्हणून ते मूर्ख ठरत नाहीत, आणि फसवलेले तर नक्कीच नाहीत. त्यांना आणायला कुणी गेलंच नव्हतं.

जाता जाता, हे लोक आपल्याकडेही लवकर आलेले. ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन प्रचारक 1852 ला मुंबईत उतरला, मग पुण्यात छोटीशी शाखा काढली. थोडक्या वर्षांत सगळं आटोपलं. आणि 1852 म्हणजे तिकडे, सॉल्ट लेक सिटी जिथे आहे त्या युटामध्ये, तो काळ्यांवरचा नियम जाहीर झाला तेच साल.

बरं, चर्च रीतसर आलं आणि सगळं गोड झालं असंही नाही. घानातल्या त्या आपल्या आपण उभ्या राहिलेल्या मंडळ्यांमध्ये ढोल होते, नाच होता, टाळ्या होत्या. सॉल्ट लेकहून पुस्तक आलं, पद्धत आली, ढोल बंद. गप्प बसून भजन. आपल्या वारीतले टाळ-मृदंग काढून घ्या आणि मग बघा किती जण चालतात.

आणि रेबेका मोल्ड. घानातच ही बाई स्वतःची मंडळी चालवायची, लोक तिला प्रॉफेटेस (म्हणजे बाई-प्रेषित) म्हणायचे, 1978 आधी मॉर्मन नावाखाली तिने माणसं टिकवून धरली. मग चर्च आलं, तिनेही बाप्तिस्मा घेतला, आणि आता प्रीस्टहूड काळ्या पुरुषांना मिळत होतं, बायकांना कुठल्याच रंगाच्या नाही. म्हणजे जी काल पुढे उभी राहून बोलत होती ती आज बाकावर, आणि तिच्याच मंडळीतले पुरुष पुढे. काही दिवसांनी ती बाहेर पडली, तिची बरीच माणसंही तिच्याबरोबर गेली. ओबिनांवर चर्चने भरभरून लिहिलंय, हिच्याबद्दल मात्र दोन-चार ओळींपलीकडे मला काही सापडलं नाही. कुणाकडे असेल तर कमेंटमध्ये टाका, मला तिचं पुढे काय झालं ते वाचायचंय.